अळणी पाण्यातल्या लेन्स

माझी पॉलिमरमधली पीएचडी एका बोटापुढे कशी हरली, ते ऐका.

अंबडला आमच्या कंपनीत कॉन्टॅक्ट लेन्स बनतात. सुकी लेन्स नखासारखी कडक असते. मिठाच्या पाण्यात टाकली की फुगून मऊ होते आणि ठरल्या मापाला येऊन थांबते. माझ्या नव्या मटेरियलची लेन्स मात्र थांबेचना. प्रत्येक लेन्स मापापेक्षा मोठी! तीन दिवस मी फॉर्म्युला तपासला, ओव्हन तपासला. शेवटी साहेब म्हणाले, "उद्यापर्यंत जमलं नाही तर हे मटेरियल बंद."

तेव्हा लेन्सची मापं घेणाऱ्या, कळवणच्या सुमनताई म्हणाल्या, "मॅडम, पाणी चाखलं का कोणी?"

"अहो ताई, ही लॅब आहे, स्वयंपाकघर नाही!"

तोवर त्यांनी लेन्स भिजवायच्या कॅनमधलं पाणी वाटीत घेऊन, त्यात बोट बुडवून जिभेला लावलंसुद्धा. "अळणी हाय."

कॅनवर लेबल मिठाच्या पाण्याचं आणि आत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. लेबल मीच लावलं होतं.

मी मिठाचं पाणी नव्याने बनवलं. ताईंनी तेही चाखलं. "आता बराबर." खरंच, तासाभरात लेन्स आक्रसून मापात आल्या.

मला राहवेना. "ताई, किती खारट हवं, ते तुम्हाला कसं कळलं?"

"डोळ्यातच जायचीय ना लेन्स? मग डोळ्यातल्या पाण्याएवढं खारट पाहिजे. का, तुम्ही कधी रडल्याच नाय?"

तीन दिवस मी तेच तर करत होते. फक्त चाखायचं राहिलं होतं.