वाट आठवलेले उंदीर

हॅलो?… हॅलो! कोण, गिरधर?… अरे मोठ्यानं बोल, पुण्याचा फोन म्हणजे नुसती खरखर… हो, मी अक्काच. शेजारच्या मोतीलालभाऊंनी फोन आला म्हणून हाक मारली तशी धावत आले. आईपण आलीय. आबांना बाहेर ओट्यावर बसवलंय.

बरं, आधी ते सांग. तुमच्या प्रयोगातल्या उंदरांचं काय झालं?… नाही, तब्येत-बिब्येत नंतर. आई इथं कान देऊन उभी आहे.

हो, हो… तुम्हीच आधी त्यांच्या मेंदूतल्या पेशी मारल्या, ते सांगितलं होतंस मागे… मग नवीन टोचल्या… आणि विसरलेली वाट आठवली? आई, आठवली गं त्यांना!… अरे, मी तिला कपाशीच्या नांग्या भरतो तसंच म्हणून सांगितलं होतं. रोप मेलं, तिथं दुसरं बी टोचायचं. लगेच पटलं तिला! आता घरातला एक उंदीर मारू देत नाही. त्यांच्या जातीचे उपकार आहेत म्हणते, भाकरीचा कुटका टाकते त्यांना.

मग आबांना कधी आणू?… का?… अरे ऐक ना… माणसाला नाहीच? आत्ता नाही, की कधीच?… हं… उंदराच्या एकाच जागच्या गेल्या होत्या… आबांच्या सगळीकडच्या… अजून जातायत… कळतं रे मला. अख्खं वावरच वाळत चाललं तर नांग्या किती भरणार.

बरं, ते उंदीर तरी धड आहेत ना?… काय? मारले?… बरे झालेले?… आतल्या पेशी जगल्या का ते बघायला?… अरे, मग आठवायला तरी कशाला लावलंत त्यांना!

नाही, रडत नाहीये… तुझा काय दोष? तू आस दाखवलीस, आम्ही धरून बसलो.

थांब… आई बाहेर गेली. आबा विचारतायत तिला, रोजच्यासारखंच, ‘बाई, तुनं गाव कोनतं शे?’… रोज ती भांडते रे. मी तुमची धुरपदा, तुमच्या घरची, म्हणून रडून सांगते…

हॅलो… आहे मी… आज नाही भांडली. माहेरचं गाव सांगून मोकळी झाली. म्हणाली, ‘पारोळानी शे, भाऊ.’

गिरधर… आपल्या कुंकवाच्या धन्याला भाऊ म्हणाली रे ती…

नको, काही बोलू नकोस. ठेवते मी.