बांधावर पाठ फिरवलेल्या बायका

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय प्रमोदिनीताई, शेजारी बसलेले प्रकाशक रत्नदीपजी, आजचा सत्कारमूर्ती म्हणजे माझा धाकटा भाऊ नाथा, आणि मानपाड्याच्या या सभागृहात रविवारची झोप मोडून जमलेले रसिकहो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी शकू. महापालिकेच्या शाळेत जन्मभर बाई होते, त्यामुळे माईक दिसला की मला हजेरी घ्यावीशी वाटते. घाबरू नका, घेत नाही! संयोजकांनी बजावलंय, "ताई, कौतुकाचे दोन शब्द." कौतुक आहेच हो. नाथाएवढा शेतीशी झगडलेला माणूस मी पाहिला नाही. भात लावलं की करपायचं, भेंडी लावली की पिवळी पडायची. गाव हसायचं. मग हाच स्वतःवर आधी हसायला लागला. हळदीच्या मांडवात बोलायचा, मग गणपतीच्या स्टेजवर, मग शीळफाट्यापासून ठाण्यापर्यंत सगळीकडे. शेतानं हात टेकायला लावले, तोंडानं तारलं. आज त्याच्या विनोदी कथांचं पुस्तक निघतंय. बहिणीला आणखी काय हवं?

काय हवं, तेच सांगायला उभी आहे.

पुस्तकातली पहिली कथा, 'बापाचं धोतर'. तुम्हाला तोंडपाठ असेल. बांध फुटतो, बाप धोतर सोडून भोकात कोंबतो आणि... बघा, तिकडे कोपऱ्यात हसायला सुरुवातसुद्धा झाली. हसा हो, तुमचा काय दोष?

घडलं ते असं. अमावास्येचं उधाण होतं. भरदुपारी खाडीच्या बांधाला खांड पडली, म्हणजे बांध फुटला आणि खारं पाणी गावाच्या उभ्या भातात शिरायला लागलं. आमच्याकडे खांड पडली की घरटी माणूस धावतो, शेत कुणाचं हे बघत नाही. आमचे वडील, आबा, सगळ्यात आधी पोचले. हाताशी ना पेंढा, ना गोणपाट. त्यांनी धोतर सोडलं, चिखलात गुंडाळून खांडीत कोंबलं आणि त्याला पाठ लावून बसले. तेवढ्यात आम्ही बायका घमेली घेऊन आलो. आबा ओरडले, "तोंडा फिरवा गो, पन हात थांबवू नको!"

आम्ही सगळ्या पाठमोऱ्या रांगेत उभ्या राहिलो. पुढून घमेलं घ्यायचं, खांद्यावरून मागे द्यायचं. आबांच्या सगळ्यात जवळ रंभाकाकी होती. एकीनंही मान वळवली नाही. बांध बांधला गेला, गावाचं भात वाचलं. खांडीलगतचं आमचं शेत तेवढं खारं झालं, ते कायमचं. आबांनी पाण्यातल्या त्या गारठ्यानं अंथरूण धरलं ते पुन्हा उठलेच नाहीत.

आणि गावानं तो विषय परत कधी काढला नाही. भांडणात नाही, दारू पिऊन नाही, आमच्या पाठीमागेसुद्धा नाही.

मागच्या वर्षी खोपटला नाथाचा कार्यक्रम होता. म्हटलं, न सांगता जाऊ, चकित करू. त्याच्यासाठी वालाचं बिरडं करून डबा नेला. मागच्या रांगेत बसले आणि ही कथा ऐकली. आबा कसे बसले त्याची नक्कलही पाहिली. शेजारची बाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "काय माणूस आहे हो!" मी डबा तसाच परत आणला.

नंतर विचारलं तर म्हणाला, "अगं शके, लोकांना आवडतं गं. आबा असते तर तेही हसले असते." असतील. पण अरे, तू तिथेच होतास ना! आबांच्या अंगाभोवती तूच चिखल थापत होतास. परक्यानं सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. तुझ्याशी कशी भांडू? मला राग येतो नाथा, फार राग येतो, आणि तुझा अभिमान वाटतो म्हणून तो जास्तच येतो.

आज रंभाकाकीला आणायला गेले होते. लुगडं नेसून तयार होती. दारातच विचारलं, "नाथा तीच गोष्ट सांगल काय गो?" मी वाकून चपलेचा पट्टा नीट करायला लागले. ती परत आत जाऊन बसली.

असो. संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. सत्काराच्या दिवशी असं बोलू नये हे मला कळतं. जास्त बोलले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आता नाथा उभा राहील आणि मागून कुणीतरी ओरडेलच, "धोतर! धोतर!" बाळा, आजच्या दिवस नाही म्हण. सांगायचंच ठरवलंस तर सांग, मी उठून जाणार नाही. पहिल्या रांगेत खुर्ची वळवून तुझ्याकडे पाठ करून बसेन. टाळ्या मात्र थांबवणार नाही.