मागचं काम का सोडलंत?

मावशी : पुन्हा. दारातून आत ये. मी बस म्हणेपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाही.

भाची : मावशी, चार वेळा आले मी दारातून.

मावशी : चारही वेळा बॅग पोटाशी धरून आलीस. त्या स्किन क्लिनिकमध्ये येणारे आधीच तोंड लपवत येतात. कोणाला डाग, कोणाला पुटकुळ्या. काउंटरवरचीच लपायला लागली तर त्यांनी बघायचं कोणाकडे?

भाची : बरं. बॅग खांद्याला.

मावशी : आणि हसू जरा कमी. दात तपासायला आल्यासारखी हसतेयस.

भाची : तू सव्वीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे काउंटरवर काढलीस म्हणून तुला सगळीकडे दातच दिसतात.

मावशी : दिसतातच. त्यात खोटेही ओळखू येतात. चल. नमस्कार, बसा. तुमच्याबद्दल सांगा.

भाची : मी तीन वर्षं एका स्त्रीरोगतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्ट होते. फोन, अपॉइंटमेंट, फायली, रिपोर्ट देणं, सगळं एकटी बघत होते. गर्दीच्या दिवशी साठ-साठ पेशंट असायचे.

मावशी : छान. मागचं काम का सोडलंत?

भाची : घरापासून लांब पडत होतं.

मावशी : सकाळी विचारलं तेव्हा वेळ जमत नव्हती.

भाची : दोन्ही होतं.

मावशी : आणि ताई मला सात महिने सांगतेय की तो दवाखानाच बंद झाला.

भाची : आईला मीच तसं सांगितलं. तिच्या प्रश्नांना अंत नसतो.

मावशी : मागच्या आठवड्यात मी त्या रस्त्याने गेले होते. बोर्ड जागेवर आहे. दिवे चालू. काउंटरवर एक चष्मेवाली मुलगी बसलीय.

भाची : तू कशाला गेली होतीस तिकडे?

मावशी : घड्याळाचा पट्टा बदलायला.

भाची : तुझ्या घराखाली घड्याळवाला आहे. आईने पाठवलं ना तुला?

मावशी : मला कोणी पाठवत नाही. माझी मी गेले.

भाची : आत गेलीस? माझ्याबद्दल विचारलंस त्यांना?

मावशी : नाही.

भाची : खरं सांग.

मावशी : काचेच्या दारापर्यंत गेले. दाराला हात लावला. मग वाटलं, तुझ्या मागे विचारून आले तर तू परत माझ्या घरात पाऊल टाकणार नाहीस. फिरले मागे. पट्टा मात्र खरंच बदलला, हा बघ.

भाची : म्हणजे ही तयारी वगैरे सगळं निमित्त. तुला माझी उलटतपासणी करायची होती.

मावशी : तयारी तू मागायला आलीस, मी बोलावलं नव्हतं. आणि संशय मला आहे, तो मी लपवत नाही. ह्याआधीचे दोन इंटरव्ह्यू. एकात म्हणालीस जागा भरली. दुसऱ्यात म्हणालीस साहेब आले नाहीत. तू गेली होतीस का तिथे?

भाची : एका ठिकाणी गेले.

मावशी : आतपर्यंत?

भाची : लिफ्टपर्यंत.

मावशी : हं. तिथल्या डॉक्टरने काही केलं का तुला? अंगाला हात वगैरे?

भाची : डॉक्टर बाई होत्या गं. चांगल्या होत्या. त्यांनी राहा म्हणून दोनदा फोन केला.

मावशी : मग कोणाशी काही जुळलं, तुटलं?

भाची : असं असतं तर सांगितलं नसतं का तुला? आधी तुलाच सांगितलं असतं.

मावशी : म्हणजे त्याहून मोठं आहे.

भाची : फोनचं घेऊया ना. ते राहिलंय. फोनवर मी चांगली आहे.

मावशी : बरं. फोनचं घेऊ. ट्रिंग ट्रिंग.

भाची : नमस्कार, स्किन क्लिनिक. बोला, काय मदत करू?

मावशी : अहो, काल तुमच्याकडे चेहऱ्याला काहीतरी लावलं, आज सोलून निघतोय चेहरा. उद्या माझ्या भावाचं लग्न आहे.

भाची : मॅडम, आग होतेय की नुसती त्वचा सुटतेय? पाणी येतंय का कुठे? ठीक आहे. हाताने ओढू नका, दुसरं काही लावू नका. एक मिनिट थांबा, मी डॉक्टरांना विचारून लगेच सांगते. तुमचा हाच नंबर ना?

मावशी : चांगलं. घाबरवलं नाहीस, स्वतः डॉक्टरही झाली नाहीस. पुढचा. ट्रिंग ट्रिंग. अहो, दीड तास झाला बसून, माझ्या मागून आलेली ती लाल ड्रेसवाली आत गेली.

भाची : दीड तास बसलेली बाई फोन कशाला करेल? समोरच असेल.

मावशी : काही करतात. समोर बसून करतात.

भाची : मॅडम, मी इथून हात वर केलाय, दिसला का? तुमच्या आधी एकच जण आहे. उशीर झाला, चूक आमची आहे.

मावशी : ह्याला म्हणतात काउंटर. आता शेवटचा. ट्रिंग ट्रिंग. नमस्कार मॅडम, माझ्या मिसेसची आज अपॉइंटमेंट आहे ना तुमच्याकडे? वेळ विसरली ती. किती वाजता आहे, जरा बघून सांगता?

भाची : हा नको.

मावशी : का?

भाची : तुला कोणी सांगितलं?

मावशी : काय सांगितलं?

भाची : तू आत गेली होतीस. त्या चष्मेवालीशी बोललीस. आणि आता हे असं, खेळता खेळता.

मावशी : अगं, मला दिवसाला दोन फोन यायचे असे. कोणाचा नवरा, कोणाची सासू. सहज सुचलं म्हणून घेतलं. बस खाली. खुर्चीवर नको, इथे पलंगावर बस.

भाची : खरंच नाही गेलीस आत?

मावशी : नाही गेले. माझ्यावर विश्वास ठेव किंवा ठेवू नकोस, पण आता बोल.

भाची : तो असंच म्हणाला होता. मिसेस वेळ विसरलीय. फाईल घरी राहिलीय तिची, ती घेऊन येतो. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. आवाज इतका साधा होता, मावशी. मागे टीव्ही चालू होता. मी पडद्यावर बघितलं आणि म्हटलं, पावणेबाराची आहे. तो थँक्यू म्हणाला.

मावशी : मग?

भाची : ती साडेअकरालाच आली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली, जिथून दार दिसतं. पाणी हवं का विचारलं, नको म्हणाली. फाईल तिच्या हातातच होती. मला तेव्हा कळायला हवं होतं. फाईल हातात आहे, मग घरी काय राहिलंय? पण समोर चार जण उभे होते, मी पुढचं नाव पुकारलं. आणि तो आला.

मावशी : ओरडला?

भाची : नाही. ओरडला असता तर लोक उठले असते. तिच्याजवळ गेला, दंडाला धरलं आणि चल म्हणाला, बस. ती उठली. दारातून जाताना तिने त्याच्याकडे नाही बघितलं. माझ्याकडे बघितलं.

मावशी : तुला काय ठाऊक असणार होतं.

भाची : ठाऊक होतं. आदल्या आठवड्यात नंबर देताना ती म्हणाली होती, घरी फोन करू नका, मीच करीन. दोनदा म्हणाली. मी फाईलवर चिठ्ठी पण लावली. फोन करू नये. माझ्याच अक्षरात. मी फोन केला नाही, मावशी. फोन आला. दोन्ही एकच आहे, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

मावशी : नंतर आली कधी?

भाची : नाही. डॉक्टर बाईंनी तिचा नंबर लावून बघितला, बंद होता. पत्त्यावर निरोप पाठवू म्हटलं तर पत्ता चुकीचा. तोही तिने मुद्दाम चुकीचा दिला असणार. मी अजून आठ दिवस गेले कामावर. फोन वाजला की उचलवायचाच नाही. मग किल्ली ठेवली आणि आले.

मावशी : डॉक्टर बाई काय म्हणाल्या?

भाची : म्हणाल्या, तुझी काय चूक, नवरा होता तो तिचा.

मावशी : आणि तुला काय वाटतं?

भाची : चूक होती.

मावशी : हो. होती. मी नाही म्हटलं असतं तर तुला ते खोटं वाटलं असतं. आणि मी तरी कुठली शहाणी. माझ्याकडे एक यायची. वर्षातून दोनदा तरी. कधी पुढचा दात, कधी बाजूचा. जिन्यावरून पडले म्हणायची. मी फॉर्मवर जिना लिहायचे. तिच्या नवऱ्याचा फोन आला की वेळ सांगायचे. सहा वर्षं. ती राहायची तळमजल्यावर, पत्ता माझ्याच हाताने लिहिलेला होता.

भाची : कोणाला कधी बोलली नाहीस हे?

मावशी : आत्ता बोलले ना.

भाची : उद्या त्यांनी विचारलं तर काय सांगू? लांब पडत होतं?

मावशी : ते तर मलाही पटलं नाही, त्यांना काय पटणार.

भाची : आणि खरं सांगितलं तर कोण ठेवेल मला?

मावशी : ते मला माहीत नाही. खरंच नाही माहीत. पण लिफ्टमध्ये तरी चढ.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. क्लिनिकच्या इमारतीबाहेरचा बाक.)

भाची : तू घरी थांबणार होतीस.

मावशी : घरी थांबून काय करू? वर गेलीस की नाही ते बघायला आले. गेलीस. काय झालं?

भाची : मॅनेजर बाई होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या. चेहरा असा की बोट लावलं तर घसरेल.

मावशी : तो राहू दे. विचारलं का?

भाची : तिसराच प्रश्न. मागचं काम का सोडलंत.

मावशी : आणि?

भाची : सांगितलं सगळं. चिठ्ठीचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं संपलं. मग म्हणाल्या, आज इथे तसाच फोन आला तर? मी म्हटलं, कोण येतं, कोण येत नाही, हे मी फोनवर कोणाला सांगणार नाही. नवरा असेल तरी? म्हटलं, नवरा असेल तरी, आई असेल तरी. म्हणाल्या, आमच्याकडची काही माणसं मोठी आहेत, चिडतात. म्हटलं, चिडली तर माझ्यावर चिडतील, मी तिथेच बसलेली असेन.

मावशी : आवाज कापला का?

भाची : कापला. पण थांबले नाही. मग त्यांनी त्यांचा फॉर्म दाखवला. म्हटलं, ह्यात फोन कोणाला करायचा आणि कोणाला नाही, ही ओळच नाहीये. त्यांनी लिहून घेतलं.

मावशी : सोमवारी कळवतो म्हणाल्या ना? तसंच म्हणतात सगळे.

भाची : सोमवारी ये म्हणाल्या. एक महिना बघू म्हणाल्या.

मावशी : इतक्या पटकन? कुठेतरी पाणी मुरतंय. आधीची का गेली, विचारलंस?

भाची : विचारलं. बाळंतपणाला गेलीय. फोटो दाखवला तिच्या बाळाचा.

मावशी : फोटो कोणाचाही असू शकतो.

भाची : मावशी.

मावशी : बरं, बरं. अंगवळणी पडलंय. बस जरा, लगेच उठू नकोस. पाय दुखतायत माझे.

भाची : आईला मी सांगेन आज. दवाखान्याचं.

मावशी : सांग. ओरडेल, मग जेवायला वाढेल. काय गं, कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईचं नाव आठवतं तुला?

भाची : आठवतं. जन्मतारीखही आठवते.

मावशी : काय नाव होतं?

भाची : ते नाही सांगणार, मावशी.

मावशी : नको सांगूस.