पाठक बाईंनी ठेवलेली नावं

मंडळी, बाईंच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात, बरं वाटलं. बोलायला शब्द सापडत नाहीत असं मी म्हणाले, तर पाठक बाई वरूनच ओरडतील. तरी चुकलं तर सांभाळून घ्या. मी वसुधा, खमरिया फॅक्टरीच्या क्वार्टरमधली, बाईंची विद्यार्थिनी.

आपल्या मंडळाच्या ह्याच हॉलमध्ये त्या संध्याकाळी आठवी-नववीच्या पोरांना इंग्रजी शब्द शिकवायच्या. पाठांतर नाही, काही नाही. जसा स्वभाव, तसा इंग्रजी शब्द, आणि तेच आपलं नाव. डुलक्या काढणारा स्लीपी. सारखे प्रश्न विचारणारी क्युरियस. त्या शब्दाचं वाक्य स्वतःच्या तोंडाने बोललात, की नाव सुटलं, मग कोणी त्या नावाने चिडवायचं नाही!

मी तर तोंडच उघडत नव्हते. घरी मराठी, बाहेर हिंदी, त्यात हे इंग्रजी. हसतील ना सगळे! बाई म्हणाल्या, "काहून गं, बोलत काहून नाही?" मी वहीत डोकं खुपसलं. "अच्छा! मग आजपासून तू स्टबर्न. म्हणजे हट्टी." झालं! बसमध्येसुद्धा पोरं "ए स्टबर्न दीदी" करून हाका मारायची. एक दिवस भर वर्गात मी किंचाळले, "आय ॲम नॉट स्टबर्न!" आणि बाई? टाळ्या वाजवून राहिल्या होत्या. "बोलली रे, बोलली!"

आता ऐका. बाईंना जाऊन चार दिवस नाही झाले. आज इथे चपला काढतानाच मंडळाचे सेक्रेटरी काका मला म्हणाले, "तो वर्ग आता बंदच समज. मुलं मोबाइलवर शब्द बघून घेतात."

काका, समोर बसलात म्हणून तोंडावर सांगते. मोबाइल अर्थ सांगतो, कबूल. मोबाइल चिडवतो का? मोबाइल टाळ्या वाजवतो का? वर्ग बंद होणार नाही. नाही म्हणजे नाही! फॅक्टरीतून सुटले की मी येईन. किल्ली दिली नाहीत, तर बाहेर पायरीवर शिकवीन. ही मागे बसलेली पोरं बघा जरा. ह्यांची नावं अजून सुटायची आहेत. ती कोण सोडवणार?

आता दोन मिनिटं मौन ठरलं आहे. बाईंच्या वर्गात मौन कधी चाललं नाही, आजही चालणार नाही. चलो, उभे राहा सगळे. बाईंनी ज्याला जे नाव दिलं, त्याने ते मोठ्याने बोलून त्यांना निरोप द्यायचा. उद्या संध्याकाळी वर्ग आहे. मी सुरुवात करते.

आय ॲम स्टबर्न, बाई.