तिसरी पट्टी

पाच महिन्यांत माझा एकही सूर खोटा लागलेला नाही, बाई — आणि का नाही, तर मी सूर लावतच नाही, पट्टी दिसली की बोट ठेवतो, आंधळ्यानं कठडा धरावा तसं. तेव्हा ते नख बाजूला घ्या. व्हायोलिनवरच्या पट्ट्या आज काढायच्या नाहीत. रविवारी मला धाकट्या भावाकडे जाऊन वाजवायचंय, सांगितलं होतं की. रविवार झाला की पट्ट्या काढा, तारा काढा, खुंट्या काढा, वर माझी कवळी काढून देतो — पण तोवर राहू द्या. मला कान नाही. पहिल्या दिवसापासून सांगतोय. दुसऱ्यांचे मात्र चाळीस वर्षं सांभाळले हो, केस कापायचं दुकान माझं, एका गिऱ्हाइकाच्या कानाला ओरखडा नाही — म्हणजे एका पोस्टमनच्या, पण तो शिंकला.

धाकट्याच्या कानाचं तेवढं — थांबा, तो गज आधी खाली ठेवा, शिकवणाऱ्याच्या हातात काठी दिसली की माझी पाठ आपोआप ताठ होते. हे व्हायोलिन त्याचं. लहानपणी दर बुधवारी मास्तर घरी यायचे. वडिलांनी आधी आम्हा दोघांनाही पुढं उभं केलं होतं. मास्तरांनी माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली अन् म्हणाले, ही खाजवायच्या कामाची. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. मग धाकटा आतल्या खोलीत अन् मी दाराआड. हेवा? छे हो, हेवा करायला अक्कल लागते, मी चौथी नापास.

तर मास्तरांच्या पट्ट्या दोन जातीच्या. चिकटपट्ट्या चार, तारांखालच्या काळ्या लाकडावर, दर बोटाला एक — अन् एक फूटपट्टी, त्यांच्या हातात, ती सगळ्या बोटांना मिळून. एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ब्लेडनं तिसरी चिकटपट्टी उचलली अन् मागं सरकवली, तांदळाच्या दाण्याएवढी, जास्त नाही. गंमत हो. आता धाकट्यानं पट्टीवर बोट ठेवावं तर सूर खोटा — फटका. कानानं ऐकून बोट पुढं घ्यावं तर पट्टी सुटली — फटका. मास्तरांना पट्टीचा संशय कसा येणार, त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेली. अन् मी दाराआड. फटका पडायच्या आधीच मला असं हसू फुटायचं, की शर्टाची कॉलर तोंडात कोंबून धरायचो. एकदाच केलं. बरं, दोनदा — त्यानं मोजून मापून ती परत जागेवर लावली होती, चिवट पोरगं, मग मलाही परत सरकवणं आलंच. बरं, दर मंगळवारी. सहा बुधवार चाललं ते. सहाव्या बुधवारी मास्तरांनी चपला घालता घालता वडिलांना सांगितलं, “याला कान नाही. दुसरं काही शिकवा.”

व्हायोलिन गेलं कपाटावर अन् तो थोडा मोठा झाल्यावर छापखान्यात. वडील म्हणाले, मशीनचा धडधडाट फार आहे तिथं, पण याला कान कुठंय, याला काय त्रास. छत्तीस वर्षं उभा होता त्या मशीनपाशी. डावा कान पार गेला, उजव्यात थोडं उरलंय, तेही वर्षभर पुरलं तर पुरलं म्हणतात डॉक्टर. मास्तरांचा शब्द खरा करून दाखवला बघा त्यानं. आज्ञाधारक पहिल्यापासून.

पाच महिन्यांपूर्वी भावजय कपाट आवरत होती. तिनं हे व्हायोलिन पाठवलं — हे म्हणतात टाकून दे, तुम्हाला हवंय का भाऊजी. उघडून बघतो तर चारही पट्ट्या होत्या तशा. तिसरीसुद्धा. दाण्यानं मागं. पहिल्या दिवशी तुम्ही त्या खरवडून नव्या लावल्यात अन् विचारलंत, ही अशी कुणी लावली हो? मी म्हणालो, उंदरानं. तुम्ही हसलात. मला वाटलं, बाई चांगली आहे, शिकू हिच्याकडे.

रविवारी त्याच्या उजव्या कानाशी बसायचं अन् ज्यावर त्याला फटके बसायचे तोच धडा वाजवायचा, तिसरं बोट बरोबर जागी. त्याला कळेल. काय करेल कुणास ठाऊक, पण कळेल. तोंडानं सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं त्याला — दोनदा प्रयत्न केला, पहिल्याच वाक्याला शेजारीण खिडकीत आली, मग मी हवापाण्याचं काहीतरी ओरडलो अन् घरी आलो. असली गंमत ओरडून सांगता येत नाही, बाई. आता बोट चुकलं तर तेही गेलं. म्हणून म्हणतो, कान नसलेल्या म्हाताऱ्याची पट्टी काढू नका, तेवढा एक धडा — अशा काय बघताय? बोला की. तुमचाच तास चाललाय.

“फटक्याच्या आधी हसायचात ना, काका? दाण्याएवढा फरक, तोही दाराआडून ऐकू यायचा. आणि पाच महिने मला सांगताय, कान नाही म्हणून.”