रा. ९

ग्रंथपाल – बघा ताई, पान एकशे अठ्ठावीसपर्यंत खून, आणि एकशे एकोणतीसला भूत!

बाइंडर – साहेब, हळू. खळीचा डबा लवंडेल. काय झालं काय?

ग्रंथपाल – ही 'राखेतली किल्ली', रहस्यकादंबरी. इन्स्पेक्टर सगळ्यांना गोळा करून म्हणतो, "खुनी याच खोलीत आहे." पान उलटलं की भुतांच्या गोष्टी! त्या 'राहिलेली माणसं' पुस्तकाचा शेवट. दोन्हींचे शेवटचे सोळा-सोळा पानांचे फर्मे तुम्ही अदलाबदल करून शिवलेत.

बाइंडर – अगं बाई! फर्म्याच्या पायाशी खूण असते हो, नावाचं पहिलं अक्षर आणि आकडा. तीच बघून मी लावते. ही बघा, 'रा. ९'. आणि त्या भुतांच्याही…

ग्रंथपाल – 'रा. ९'.

बाइंडर – छापखाना एक, माप एक. तीस वर्षांत पहिल्यांदा फसले. मी वाचत नाही ना, नुसती शिवते.

ग्रंथपाल – ते दुसरं पोस्टमास्तरांनी नेलं. त्यात भूत ऐन रंगात आलेलं असताना इन्स्पेक्टर येतो आणि कुणाच्या तरी मेव्हण्याला बेड्या घालतो. मास्तर म्हणाले, इतकी पटणारी भुताची गोष्ट आजवर वाचली नव्हती.

बाइंडर – हसताय काय! सोमवारी तुमच्या कमिटीची बैठक ना?

ग्रंथपाल – हो, आणि तुमच्या कामासाठी एका मशीनवाल्या बाइंडरचा अर्ज आलाय. म्हणून म्हणतो, हे आत्ताच उसवा, मास्तरांचंही आणून देतो, दोन्ही नीट लावा. कुणाला पत्ता लागायचा नाही.

बाइंडर – आणा इकडे.

सिस्टर – थांबा! पुस्तक अजून माझ्या नावावर आहे.

ग्रंथपाल – सिस्टर? तुम्ही इथवर आलात? तक्रार तर तुमचीच होती!

सिस्टर – तक्रार कुठली? मी एवढंच विचारलं, हे लिहिलं कुणी. तुम्हीच हातातून ओढून पळालात.

बाइंडर – तुम्ही दवाखान्यातल्या ना? आमच्या नातीच्या कपाळाला टाके घातले होते तुम्ही. काय सुबक टाके!

सिस्टर – तुमचेही सुबक आहेत, ताई. म्हणून म्हणते, उसवू नका.

ग्रंथपाल – अहो, पण पुस्तक चुकलंय!

सिस्टर – अकरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीला गाडीनं उडवलं. गाडी सापडली नाही. तेव्हापासून नुसत्या रहस्यकथा वाचतेय. कुणी केलं, कुणी केलं. नाव कळलं की पुस्तक मिटायचं, दुसरं आणायचं. आणि काल या पुस्तकात इन्स्पेक्टर नाव घेणार, तेवढ्यात दार ढकलून मेलेली बाईच आत आली. कुणाकडे बोटसुद्धा दाखवलं नाही तिनं. दोरीवरचे कपडे काढले, घड्या घातल्या. बहिणीच्या झग्याचं बटण तुटलं होतं, ते बसून लावलं. दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, "पाणी तापलंय, आधी आंघोळ करून घे."

बाइंडर – एवढंच?

सिस्टर – एवढंच. अंगावर सर्रकन काटा आला माझ्या. भीतीचा नाही हो. माझी आली असती, तर तिनंही गाडीचा नंबर सांगितला नसता. "केस विंचरलेस का?" म्हणून ओरडली असती. अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

(बाइंडर हातातलं दाभण खाली ठेवते.)

ग्रंथपाल – पण सिस्टर, खरा खुनी कोण ते मला माहितेय. सांगू?

सिस्टर – नको.

बाइंडर – साहेब, सोमवारी सांगा कमिटीला, चूक माझीच आहे. आणि मी ती उसवणार नाही.

ग्रंथपाल – ताई, काम जाईल हातचं.

बाइंडर – गेलं तर गेलं.

ग्रंथपाल – आणि पोस्टमास्तरांचं पुस्तक?

बाइंडर – राहू द्या. सुखात आहे तो माणूस. सिस्टर, त्या गठ्ठ्यावर टेका जरा. मला वाचून दाखवता?

सिस्टर – पहिल्यापासून?

बाइंडर – नको. ती घरात येते, तिथून.