मतपत्रिकेच्या पाठीवर

– नाही नाही, जुनं कुलूप काढू नका. जुनं राहू दे, त्याच्या वर हे नवीन बसवा. दोन असू देत. हसताय? हसा. दोन खोल्यांचं घर, एकटी म्हातारी बाई, चोराने इथून न्यायचं तरी काय – निरोप समारंभात मिळालेलं घड्याळ? तेसुद्धा मागे पडतं. पण तुम्ही बसवा. आणि दाराचं ते भिंग जरा खाली घेता येईल का? आधीच्या माणसाने स्वतःच्या उंचीने लावून ठेवलंय, मला टाचा उंचावून बघावं लागतं, आणि टाचा उंचावल्या की ही फरशी वाजते – बाहेरच्याला कळतं की आत कुणीतरी उभं आहे. पूर्वी त्याचं काही वाटत नव्हतं. वाजली तर वाजली. चहा ठेवू? बरं, काम झाल्यावर. मी इथेच स्टुलावर बसते, चालेल ना? तुमच्या कामात लुडबुड नाही करणार. नुसती बसते.

चोरी नाही हो झाली. आला होता एकजण. परवा, भर दुपारी. तुमच्याच वयाचा असेल, इस्त्रीचा शर्ट, हात मोकळे. "बाई, ओळखलं नाहीत ना? असू दे." आत आला, त्या खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, प्यायला, आणि पेला विसळून पालथा घातला – विसळून! माझ्या जावयाने आजवर कधी विसळला नाही. मग म्हणाला, "नात हुशार आहे हो तुमची. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे तिसऱ्या खिडकीशी बसते. पण हात बाहेर काढते बघा, तेवढं सांगा तिला." झालं. चपला घातल्या, गेला. आता यात धमकी कुठली? पोलिसांत जाऊन काय सांगू – की एक सभ्य गृहस्थ आले आणि नातीने हात आत ठेवावा म्हणाले? तो जिना उतरला. मग मुलीला फोन लावला, नातीला द्यायला सांगितलं. म्हटलं, बाळ, तू बसमध्ये कुठे बसतेस गं? म्हणाली, "तिसरी खिडकी. का गं आजी?" का गं आजी! काय सांगू मी तिला?

उद्या माझी साक्ष आहे, म्हणून. दाजींच्या विरुद्ध.

का हो, हात का थांबला? हो, तेच दाजी. दुसरे कुठले? तुमच्या त्या हत्यारांच्या पिशवीवर ज्यांचा फोटो आहे, तेच. अहो, लपवू नका, निवडणुकीत घरोघर वाटल्यात त्या, माझ्याकडेही आहे एक, कांदे ठेवते तिच्यात. पिशवी मजबूत आहे, त्यात तुमचा काय दोष. चालू द्या. मशीनचा आवाज चालू असला की मला बरं वाटतं – शेजारी काही ऐकू जात नाही.

चौदा वर्षं झाली त्याला. मी तेव्हा चौथीचा वर्ग घ्यायचे. निवडणूक आली की मास्तरांना जुंपतात, तुम्हाला माहीतच आहे. मला केंद्राध्यक्ष केलं होतं – म्हणजे त्या एका खोलीपुरती सगळी जबाबदारी माझी. दुसऱ्याच शाळेतला पहिलीचा वर्ग होता, बुटकी बाकं, भिंतीवर पोरांनी रंगवलेले मासे. सोबत आमच्याच शाळेतले चित्रकलेचे सर, आणि दारात एक पोलीस. तीनच्या सुमाराला रांग संपली. सर म्हणाले, बाई, आता डबा खाऊन घ्या. मी डब्याचं झाकण उघडलं आणि दाजी आत आले. स्वतः. मागे आठ-दहाजण. कुणीतरी आतून कडी घातली. खिडकीतून पोलीस दिसत होता, आमच्याकडे पाठ करून उभा होता, अगदी ताठ. आणि दाजी त्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीपर्यंत आले त्यांचे – एरवी हसू आलं असतं. म्हणाले, "बाई, दमलात. पाणी प्या." बस्स, मग त्यांच्या माणसांनी मतपत्रिका हिसकावल्या, शिक्के मारले, पेटीत टाकल्या. एकशे सदतीस. मी संध्याकाळी केंद्राच्या डायरीत तसं लिहिलं – जमावाने हिसकावून घेतल्या – खाली माझी सही, सरांची सही. त्या एका पानावर हा खटला उभा आहे. दाजी निवडून किती मतांनी आले माहितीये? एक्क्याण्णव.

मग काय, तारखा. त्रेसष्ट तारखा झाल्या, उद्याची चौसष्टावी. न्यायाधीश बदलले सात. एका वर्षी म्हणे हा खटला इथे चालायचाच नाही, वरच्या कोर्टात जाऊन ठरवून या. ते ठरायला तीन वर्षं. मग फाईल हरवली. दोन वर्षांनी सापडली – कुठे? दोन सख्ख्या भावांच्या सामाईक भिंतीच्या भांडणाच्या गठ्ठ्यात! भिंतीचा निकाल लागला, आमची तारीख पडली. आणि दाजींची छाती. कोर्टाच्या आदल्या दिवशी दुखते. सभेच्या दिवशी दुखत नाही, हार घालताना दुखत नाही, आदल्या दिवशी बरोब्बर दुखते. मधल्या काळात मंत्री झाले ते. दोनदा. एकदा कसले – शिक्षणाचे! आमच्या शाळेत आले पाहुणे म्हणून, आम्ही सगळ्या बाया ओळीने उभ्या, आणि माझ्यासमोर थांबून हात जोडले की हो त्यांनी. "बाई, तब्येत सांभाळा." लोकांना वाटलं, केवढा मोठा मान मला. मी घरी येऊन साडी बदलली नाही, तशीच पलंगावर बसले रात्र पडेपर्यंत. आमचे हे तेव्हा होते. ते म्हणायचे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. मी म्हणायचे, मी कुठे चढले, मला चढवलंय. आता तेही नाहीत.

आणि सर. सर नवव्या वर्षी फिरले. साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, मी तिथे नव्हतो, शौचालयात होतो. वकिलाने विचारलं, चाळीस मिनिटं? म्हणाले, "पोट बिघडलं होतं." सगळं कोर्ट हसलं. मीही हसले – मग त्यांच्याकडे लक्ष गेलं. चष्मा पुसत होते, आणि काच काही केल्या रुमालात सापडत नव्हती त्यांना. त्यांच्या मुलाला चार दिवस आधी पोलिसांनी कसल्याशा मारामारीत उचललं होतं. साक्ष झाली त्याच संध्याकाळी सोडला. मी पुढे त्यांच्याशी बोलले नाही. वर्षभराने गेले बिचारे. बोलायला हवं होतं. माझंच चुकलं... त्यांनी मला एवढं सांभाळून घेतलं आणि मी –

काही नाही. काही नाही म्हटलं ना. तो स्क्रू वाकडा चाललाय बघा.

सांभाळून घेतलं म्हणजे – त्यांनी जे सांगितलं नाही ते. आता आलंच आहे तोंडात तर... थांबा, दार लोटून घ्या जरा. अर्धं राहिलंय? तरी लोटा. काल सकाळी सरकारी वकिलीणबाईंनी बोलावलं होतं. सहाव्या आहेत या, पोरगीच आहे, माझ्या मुलीपेक्षा लहान, नखं कुरतडून बोटं लाल केलेली. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी अख्खी फाईल वाचलीये. म्हणाली, "बाई, दाजींचे वकील परवा मतपत्रिकांचा सीलबंद गठ्ठा उघडायला लावणार. त्यांचं म्हणणं, हिसकावल्याच नाहीत, बाईंनी रीतसर दिल्या. मागच्या बाजूला तुमच्या सह्या नाहीत ना?" त्याचं असं असतं भाऊ, मतदाराच्या हातात मतपत्रिका द्यायच्या आधी तिच्या पाठीवर केंद्राध्यक्षाने सही करायची. सही नसेल तर मोजताना ती बाद. आता हिसकावलेल्यावर सही कशी असेल? नसणार ना? मी म्हटलं, "नाहीत." तिने हुश्श केलं. चहा मागवला माझ्यासाठी.

आहेत. एकशे सदतीसच्या एकशे सदतीसवर आहेत.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. कुणी हिसकावलं नाही काही. कुणी हात लावला नाही, कुणी आवाज चढवला नाही. ते पाणी प्या म्हणाले, मी प्याले. मग म्हणाले, "बाई, यांच्यावर सह्या राहिल्यात की. बाद होतील ना उगाच." आणि लगेच, त्याच आवाजात, "मुलगी कॉलेजातून किती वाजता येते तुमची?" मी म्हटलं, पाचला. सांगितलं मी! वेळ सांगितली! आणि पेन काढलं. तुम्हाला वाटेल हात कापला असेल – नाही कापला. प्रगतिपुस्तकावर करते तशी सही आली, एकेक वळणदार, खाली रेघसुद्धा ओढत होते. शंभरीच्या आसपास पेन संपलं. सरांनी खिशातलं स्वतःचं काढून दिलं मला. म्हणजे त्यांनी पाहिलं सगळं. आणि तरी त्या पोट बिघडल्याच्या थापेत त्यांनी मलाही झाकून टाकलं, स्वतःचं हसं करून घेतलं. आणि मी चौदा वर्षं ताठ मानेनं तारखांना जात राहिले, ती निडर बाई, एकटी लढणारी बाई. पेपरात आलं होतं तसं. कात्रण आहे माझ्याकडे. एक्क्याण्णव मतांनी आले ना ते? मग त्यांना निवडून कुणी दिलं? सांगा ना. तुम्ही दिलंत? मी दिलं. तो इस्त्रीच्या शर्टवाला – त्याची भीती वाटतेच हो. पण उद्या तो गठ्ठा सुटेल, एकेक कागद उलटा करून माझ्यासमोर धरतील, ही सही कुणाची बाई? ही कुणाची? ही?

फोन वाजतोय. कुठे ठेवला – तुमच्या पायाशी आहे बघा. हॅलो? हो, बोला मॅडम. ...कधी? ...बरं. ...किती? चार महिने? ...हो हो, कळलं. छातीत. ...नाही, मी काय म्हणणार. ठेवते.

पुढे गेली. चार महिने. दवाखान्यात दाखल झालेत आज सकाळी.

बघा, माझे खांदे खाली आले. दिसलं तुम्हाला? खोटं बोलू नका, दिसलं. भूकही लागली. दर वेळी असंच होतं भाऊ, तारीख पडली की कोर्टातून परत येताना बसमध्ये कडकडून भूक लागायची मला, स्टँडवर उतरून पोटभर खायचे, आणि घरी येऊन शेजारणीला म्हणायचे, काय हे राज्य, न्याय म्हणून उरला नाही. खरंच नाही उरला. ते पुढे ढकलतात, ढकलतातच – पण इकडे माझ्यासारखी एकेकजण सुटकेचा श्वास टाकत बसलेली आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांना घाई कशाला असेल? चार महिन्यांनी आणखी चार. मी एकसष्टची आहे. त्यांना नुसतं थांबायचंय.

आज तुम्हाला सांगून बसले, उद्या धीर व्हायचा नाही. एक करा. इथेच उभे राहा, माझ्यासमोर. काही बोलू नका, नुसते उभे राहा. कुणी बघत असलं की मला फोन खाली ठेवता येणार नाही. नाही ना जाणार? दोन मिनिटं. देवाशपथ दोनच मिनिटं.

...हॅलो. मॅडम, मीच. नाही, तारखेचं नाही. सह्या माझ्या आहेत. ...मतपत्रिकांवरच्या. सगळ्या. ...हो, काल मी तुमच्याशी खोटं बोलले. ...मॅडम? ...आहात ना? ...हो, धमकावून, पण केल्या मीच. डायरीत हिसकावल्या लिहिलं ते खरं नाही. समोर बसून करून घेतल्या, दाजींनी स्वतः. ...म्हणजे मलाही आरोपी करतील का? ...बरं. ...नाही, चार महिने नकोत. चार महिन्यांनी मी पुन्हा नाही म्हणेन, मला माहितीये ना माझं. आज लिहून घ्या. ...लगेच? इथे? या. ...कोण? ...नाही. नाही, अजून कुणालाच सांगितलं नाही. ...घरात? घरात कुणी नाही. मी एकटीच आहे.

– जा तुम्ही. शूः, बोलू नका. मागच्या जिन्याने जा. कुणी विचारलं तर आज या गल्लीत आलाच नव्हता तुम्ही. तुम्हालाही साक्षीला ओढतील, मुलंबाळं असतील तुमची. राहू दे ते, हातोडी राहू दे, जा –

...नाही मॅडम, तुमच्याशी नाही. मांजर आलं होतं दारात. गेलं. सांगा, काय काय लिहायचं?